दिवा मंद कुठे होतो?

बटन बंद केलं, खोलीत अंधार झाला, आणि थोड्या वेळानं छतातला दिवा क्षणभर चमकून विझला. पुन्हा तसंच. वायरमन बल्ब बदलून देतो, नवा बल्बही तेच करतो. शेजारच्या खोलीतली तक्रार वेगळी: तिथला दिवा मोबाइलवरून ३० टक्क्यांवर आणला की थरथरतो आणि बारीक घूं असा आवाज काढतो. दोन्ही ठिकाणी बल्ब चांगल्या कंपनीचा आहे, वायर नवी आहे, डिमरही महागाचा आहे. मग चुकतंय कुठे?

हा प्रश्न येवल्यातल्या घरांच्या संदर्भात पाहिला तर जास्त उघड होतो. येवला हे पैठणीचं गाव. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण इथल्या घरांची घडण त्याच्या कितीतरी आधीपासून मागाभोवती झालेली आहे. अनेक घरांत विणणं, विकणं आणि राहणं एकाच छताखाली चालतं: एका खोलीत खड्डामाग, पुढच्या खोलीत गादीवर साड्या उलगडून दाखवायची जागा, आणि आत किंवा वर राहतं घर. मागावर लख्ख आणि स्थिर उजेड हवा, गिऱ्हाइकासमोर साडीचा खरा रंग दिसला पाहिजे, आणि रात्री जेवणं आटोपल्यावर डोळ्यांना शांत वाटेल असा मंद प्रकाश हवा. अशा घरात मोबाइलवर, वेळापत्रकावर किंवा आवाजी हुकमावर चालणारे दिवे बसवायचे ठरवले, तर एकाच प्रकारचा बल्ब डझनाच्या भावानं आणून सगळीकडे लावणं हा सर्वांत वाईट मार्ग आहे.

तवा आणि ज्योत

घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो आणि तिची दिशा सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. म्हणजे दिव्याकडे दर सेकंदाला १०० अर्धलाटा येतात. प्रत्येक अर्धलाट शून्यापासून चढते, माथ्यावर पोचते आणि पुन्हा शून्यावर येते, हे सारं सेकंदाच्या शंभराव्या भागात. डिमर वीज ‘कमी दाबाची’ करून पाठवतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात घरगुती डिमर प्रत्येक अर्धलाटेचा एक तुकडा कापून टाकतो. जेवढा मोठा तुकडा कापला जाईल तेवढी कमी वीज दिव्यापर्यंत पोचते.

जुन्या पिवळ्या बल्बला हे कापणं जाणवत नसे. त्याची तार सुमारे २,४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असायची. चुलीवरच्या तव्याखालचा जाळ पळभर काढून घेतला तरी तवा गरम राहतो आणि भाकरी भाजत राहते, तशी ती तार अर्धलाटांमधल्या फटींतही तापलेलीच राहायची. एलईडी मात्र तवा नव्हे, ज्योत आहे. वीज थांबली की त्याच क्षणी तिचा उजेड थांबतो. म्हणून लाटेची प्रत्येक कापणी, प्रत्येक चुकलेला ठोका एलईडीत डोळ्यांना दिसू शकतो. तो दिसू नये याची व्यवस्था बल्बच्या बुडातल्या ड्रायव्हरनं करायची असते.

ड्रायव्हर दाद का देत नाही

बल्बच्या बुडाशी असलेल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीला ड्रायव्हर म्हणतात. घरातली पुढे-मागे होणारी वीज एका दिशेची करणं आणि एलईडीच्या ठिपक्यांना ठरलेला प्रवाह पुरवत राहणं हे तिचं काम. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि तिच्यातून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब घरोघरी गेले. या घरांतली वीज मात्र एकसारखी नसते: विशेषतः गावाच्या टोकाला संध्याकाळी दाब उतरतो आणि पहाटे चढतो. अशा विजेवरही उजेड एकसारखा राहावा हा चांगल्या साध्या बल्बचा गुण मानला गेला, आणि तो योग्यच आहे.

डिमर लावला की हाच गुण आडवा येतो. डिमर लाट कापतो; ड्रायव्हरला वाटतं दाब उतरला आहे, म्हणून तो उजेड टिकवण्यासाठी जास्त प्रवाह ओढू लागतो. काही मर्यादेपर्यंत दिवा मंदच होत नाही आणि मग एकदम विझतो, किंवा विझून-पेटून थरथरत राहतो. यात बल्ब सदोष नाही. त्याला जे शिकवलेलं आहे तेच तो करतो आहे. ‘डिमेबल’ बल्बचा ड्रायव्हर वेगळा असतो: लाटेचा किती तुकडा कापलेला आहे हे तो ओळखतो आणि त्या प्रमाणात एलईडीचा प्रवाह कमी करतो.

बाजारात आणखी एक फसवा प्रकार भेटतो. काही स्वस्त बल्बांत पूर्ण ड्रायव्हरऐवजी एलईडीच्याच पाटीवर एक चिप बसवलेली असते. दाब उतरला की त्यांचा उजेडही उतरतो. डिमरवर लावले तर ते थोडेफार मंद होतात, त्यामुळे दुकानदारही ‘चालतो की’ म्हणून देतो. पण त्यातले बरेच बल्ब अर्धलाटांबरोबर सेकंदाला १०० वेळा जोरात लुकलुकतात, आणि मंद केल्यावर ते आणखी वाढतं.

छत्तीस वॅटचं कोडं

आता डिमरची बाजू. जुन्या पद्धतीच्या डिमरमध्ये ट्रायॅक नावाचा भाग असतो. तो अर्धलाटेची सुरुवात कापतो, मग चालू होतो आणि लाट शून्यावर येईपर्यंत चालू राहतो. चालू राहण्यासाठी मात्र त्याच्यातून ठरावीक किमान प्रवाह वाहत असावा लागतो. अशा अनेक डिमरना निदान ४० ते ६० वॅटचा भार लागतो. बैठकीत ६० वॅटचे चार पिवळे बल्ब होते तेव्हा भार २४० वॅट होता, प्रश्नच नव्हता. त्यांच्या जागी ९ वॅटचे चार एलईडी आले की भार ३६ वॅटवर येतो. ट्रायॅक मध्येच सुटतो, पुन्हा लागतो, पुन्हा सुटतो. थरथर दिसते ती ही.

वरची मर्यादाही फसवी असते. डिमरवर ४०० वॅट लिहिलं आहे म्हणून ९ वॅटचे चाळीस दिवे त्यावर लावू नयेत. ट्रायॅक लाटेच्या मध्यात अचानक चालू होतो तेव्हा प्रत्येक बल्बमधला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, क्षणभर मोठा प्रवाह ओढतो, सेकंदाला १०० वेळा. घूं आवाजाचं मूळ बहुधा याच धक्क्यात असतं. म्हणून चांगले उत्पादक एलईडीसाठीचा आकडा वेगळा छापतात, आणि तो पिवळ्या बल्बच्या आकड्यापेक्षा बराच लहान असतो.

एलईडीसाठी दुसऱ्या जातीचा डिमर जास्त बरा: तो लाटेची सुरुवात जाऊ देतो आणि शेपूट कापतो. लाट शून्यापासून हळूहळू चढत बल्बमध्ये शिरते, त्यामुळे धक्का कमी, आवाज कमी, आणि किमान भारही पुष्कळ कमी लागतो. इंग्रजी खोक्यावर त्याला ‘ट्रेलिंग एज’ म्हणतात, आधीच्याला ‘लीडिंग एज’. बल्बच्या माहितीपत्रकात यांपैकी कोणता चालतो ते लिहिलेलं असतं. तेवढी ओळ सापडली नाही तर तो बल्ब डिमरसाठी घेऊ नये.

आणि पंख्याचा रेग्युलेटर? त्यावर दिवा लावण्याचा मोह अजूनही होतो. आजचे टप्प्याटप्प्यांचे रेग्युलेटर पंख्याच्या मोटरसाठी, कपॅसिटर वापरून बनवलेले असतात. एलईडी बल्बशी त्यांचं काही देणं-घेणं नाही.

बंद दिवा का चमकतो

सुरुवातीचं कोडं आता सुटतं. बटन बंद असलं तरी थोडीशी वीज दिव्यापर्यंत झिरपत असते. कधी बटनातल्या लाल निऑन दिव्यातून, कधी लांबवर शेजारी-शेजारी धावणाऱ्या वायरींमधून, तर कधी स्मार्ट स्विचमधून. जुन्या बल्बला एवढ्याशा विजेनं काहीच होत नसे. एलईडीच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर मात्र ती थेंब-थेंब साठवतो, पुरेशी झाली की ड्रायव्हर जागा होतो, दिवा चमकतो, साठा संपतो, दिवा विझतो.

स्मार्ट स्विच वीज का झिरपू देतो? कारण त्याला सतत जागं राहून हुकूम ऐकायचा असतो आणि त्यासाठी स्वतःला वीज लागते. बोर्डात न्यूट्रल वायर असेल तर तो तिथून आपली सोय करतो. नसेल तर दिव्यामधूनच थोडी वीज ओढतो आणि दिवा चमकतो. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या घरांत बटनाच्या पेटीत न्यूट्रल नसणं ही मोठी अडचण आहे. आपल्याकडे नशीब बरं आहे: बहुतेक बोर्डांवर बटनांबरोबर एक पिनचं सॉकेटही असतं, त्यामुळे न्यूट्रल तिथे आलेलीच असते. म्हणून न्यूट्रल लागणारा स्विच मागून घ्यावा आणि तो वायरमनकडून नीट जोडून घ्यावा.

एक कारण मात्र लगेच दुरुस्त करण्याजोगं आहे. काही जुन्या वायरिंगमध्ये बटन फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं. तिथे बटन बंद करूनही होल्डरमध्ये फेज जिवंत राहते. दिवा अंधूक चमकतो ही त्यातली किरकोळ गोष्ट; बल्ब बदलताना शॉक बसू शकतो ही गंभीर.

मंद करणारा एकच असावा

स्वयंचलित प्रकाशयोजनेत दिवा तीन ठिकाणी मंद होऊ शकतो: बल्बच्या पोटात, भिंतीवरच्या बोर्डात, किंवा छताआड ठेवलेल्या वेगळ्या ड्रायव्हरमध्ये. यातली एक जागा निवडायची आणि बाकीच्या दोन मोकळ्या ठेवायच्या. बहुतेक घरांतला गोंधळ दोन जागा एकाच वेळी काम करू लागल्यानं होतो.

स्मार्ट बल्ब घेतला तर डिमर त्याच्या पोटातच असतो, वायफाय किंवा झिगबीसारख्या बिनतारी पद्धतीनं त्याला हुकूम मिळतो. त्याला बोर्डातून नेहमी अखंड वीज हवी. त्याच्या वाटेवर भिंतीचा डिमर ठेवला तर कापलेल्या लाटेवर त्याची इलेक्ट्रॉनिक पाटी अडखळते, कधी कायमची बिघडते. शिवाय कुणी सवयीनं भिंतीवरचं बटन बंद केलं की तो बल्ब मोबाइललाही दिसेनासा होतो. सहा माणसांच्या घरात हे रोज घडणार. म्हणून स्मार्ट बल्ब अशा जागी ठीक, जिथे बटनाला फारसा कुणी हात लावत नाही: पलंगाशेजारचा दिवा, देवघराचा कोपरा, टीव्हीमागचा उजेड.

बैठक, स्वयंपाकघर, जिना अशा वापरत्या जागांसाठी बोर्डातला स्मार्ट डिमर आणि छताला साधे, पण डिमेबल बल्ब ही जोडी जास्त टिकाऊ. आजोबांना नेहमीसारखं बटन दाबता येतं आणि नातवाला मोबाइलवरून तोच दिवा मंद करता येतो. इंटरनेट गेलं तरी घर अंधारात पडत नाही. बल्ब गेला तर बाजारातून तसाच आणून स्वस्तात बदलता येतो. येवल्यासारख्या गावात हा शेवटचा मुद्दा हलका नाही.

तिसरी वाट दुकानासाठी. साड्यांच्या कपाटांत आणि छताच्या खाचांत १२ किंवा २४ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या लावतात. त्यांचा कंट्रोलर वीज झपाट्यानं चालू-बंद करून उजेड कमी करतो. हा वेग सेकंदाला काही हजार वेळा असेल तर डोळ्यांना आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही त्रास होत नाही. काही शेच असेल तर साडीचा व्हिडिओ काढताना पडद्यावर आडवे पट्टे धावतात. ऑनलाइन साड्या दाखवणाऱ्यांनी घेण्याआधी कॅमेरा लावूनच पाहावं.

टक्केवारीबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डोळा उजेड सरळ पट्टीनं मोजत नाही. मीटरवर उजेड १० टक्क्यांवर उतरतो तेव्हा डोळ्यांना तो साधारण एकतृतीयांश वाटतो, आणि १ टक्क्यावर आला की दहाव्या हिश्शाएवढा. खोक्यावर ‘१० टक्क्यांपर्यंत मंद होतो’ असं असलेला बल्ब रात्री झिरोच्या बल्बची जागा घेईल ही अपेक्षा म्हणूनच फोल ठरते. झोपायच्या खोलीसाठी १ टक्क्यापर्यंत उतरणारा हवा.

लाईट गेली, लाईट आली

परदेशी माहितीपत्रकांत हा भाग सहसा नसतो, आणि आपल्याकडे तोच रोजचा आहे. वीज गेली की घर इन्व्हर्टरवर जातं. स्वस्त इन्व्हर्टरची लाट गोल चढत-उतरत नाही. ती चौकोनी, एकदम उडी मारणारी असते. लाट शून्यावर कधी येते यावरच डिमरचं सारं गणित चालतं. चौकोनी लाटेवर ते गणित बिघडतं, दिवे थरथरतात आणि प्रत्येक उडीला बल्बवर धक्का बसतो. शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर ही अडचण राहत नाही. नसेल तर डिमरवरचे दिवे इन्व्हर्टरच्या लाइनमधून काढून त्या लाइनवर एक-दोन साधे बल्ब ठेवणं शहाणपणाचं.

स्मार्ट बल्बची खोड वेगळी. रात्री तीन वाजता गेलेली वीज परत आली की बरेच स्मार्ट बल्ब आपोआप पूर्ण उजेडात पेटतात, कारण कारखान्यातून निघताना त्यांना तसंच शिकवलेलं असतं. ॲपमध्ये ‘वीज आल्यावर काय करायचं’ अशी सेटिंग असते. तिथे ‘आधी होता तसा’ हा पर्याय निवडला की घरातले झोपलेले उठत नाहीत. ज्या बल्बात ही सोय नाही तो झोपायच्या खोलीत लावू नये.

उन्हाळ्याचाही विचार हवा. ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की ढोबळमानानं निम्मं होतं. पीओपीच्या बंद खाचेत किंवा काचेच्या बंद डोमात कोंडलेला बल्ब म्हणून लवकर जातो. मंद चालणारा दिवा मात्र कमी तापतो आणि जास्त टिकतो.

पैठणीचा लाल

२०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना निळ्या एलईडीसाठी मिळालं. निळा एलईडी हाती आला तेव्हाच पांढरा दिवा शक्य झाला, कारण आजचा बहुतेक पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्याच्यावरच्या पिवळसर भुकटीवर निळा प्रकाश पडतो, तिच्यातून हिरवट-पिवळा-तांबूस प्रकाश निघतो, आणि सगळं मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. भुकटी हलकी असली तर या मिश्रणात गडद लाल फार थोडा उरतो.

दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा म्हणजे सीआरआय, कमाल १००. हा आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असतो. गडद लाल त्या आठांत नाही. तो ‘आर-९’ या नावानं वेगळा मोजतात. त्यामुळे सीआरआय ८० असलेला सर्वसाधारण बल्ब कागदावर बरा दिसतो, पण त्याचा आर-९ शून्याच्या जवळपास असू शकतो. त्याच्याखाली कुंकवासारखा लाल पदर विटकरी दिसतो आणि गिऱ्हाईक उन्हात जाऊन साडी पुन्हा पाहतं. धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. दिव्यात एखादा रंगच अपुरा असेल तर त्या दोन रंगांचा खेळ अर्धा हरवतो. साड्या दाखवायच्या जागी सीआरआय ९० किंवा जास्त आणि आर-९ निदान ५० असे दिवे लावावेत, थोडे महाग पडले तरी.

उजेडाचा पिवळेपणा-निळेपणा केल्विनमध्ये मोजतात: २,७०० ते ३,००० म्हणजे जुन्या बल्बसारखा उबदार, ४,००० मधला, ६,५०० निळसर पांढरा. साडीची जर उबदार उजेडात खुलते, निळे-हिरवे मोर ४,००० च्या आसपास स्वच्छ दिसतात. जुना बल्ब मंद केला की तांबूस होत जायचा. साधा डिमेबल एलईडी मंद होतो पण रंग तोच ठेवतो, आणि अगदी कमी उजेडातला पांढरा रंग करडा, उदास वाटतो. बैठकीत आणि जेवायच्या जागी मंद होताना उबदार होत जाणारे बल्ब घेतले तर फरक पहिल्याच रात्री कळतो.

मागावर मात्र डिमर नसलेलाच बरा. विणकराची नजर तासन्‌तास बारीक ताण्यावर असते. एका ओळीत अनेक रंगांच्या तिल्ल्या फिरतात आणि धोटा सरसर जातो. लुकलुकणाऱ्या उजेडात फिरत्या वस्तूच्या तुटक प्रतिमा दिसतात, डोळे शिणतात, डोकं दुखतं. अमेरिकेतल्या आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनं २०१५ साली दिलेल्या शिफारशीनुसार, सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या दिव्यातला चढउतार ८ टक्क्यांच्या आत असला तर धोका कमी. घरी हे मोजता येत नाही, पण मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये उजेड ठोके घेताना दिसला तर तो बल्ब मागावर नको. हालचालीवर चालणारा सेन्सरही तिथे नको: बसून विणणाऱ्याचे फक्त हात हलतात, सेन्सरला खोली रिकामी वाटते आणि ऐन बुट्टीत दिवा जातो.

▣ चौकट: खोक्यावर काय वाचायचं

‘डिमेबल’ हा शब्द आणि चालणाऱ्या डिमरची जात. वॅटऐवजी ल्युमेन, म्हणजे बल्बच्या एकूण उजेडाचं माप; ९ वॅटचा चांगला बल्ब ९०० ल्युमेनच्या आसपास देतो. किती टक्क्यांपर्यंत मंद होतो. सीआरआय आणि आर-९. केल्विन. होल्डर बी-२२ पिनचा की ई-२७ आट्यांचा. भारतीय मानक ब्युरोची खूण. आणि काहीही झालं तरी आधी एकच बल्ब आणून आपल्याच डिमरवर, आपल्याच इन्व्हर्टरवर, सर्वांत मंद ठेवून पाहावा. मग बाकीचे घ्यावेत.

काचेमागची साडी

स्वयंचलित दिव्यांचा सर्वांत मोलाचा उपयोग कदाचित दुकानाच्या काचेमागे आहे. प्रकाशानं रेशमाचा रंग उडतो आणि धागाही कमकुवत होतो. एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात हे खरं, पण दिसणारा प्रकाश, विशेषतः त्यातला निळा भाग, हे काम संथपणे करतोच. नुकसान ठरतं उजेड आणि वेळ यांच्या गुणाकारावर. म्हणून संग्रहालयांत रेशमी वस्त्रांसाठी ५० लक्सची मर्यादा पाळतात; लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप. काचेमागे ५०० लक्सच्या झोतात रोज १२ तास टांगलेल्या साडीवर एका दिवसात ६,००० लक्स-तास साचतात. संग्रहालयातल्या साडीवर तेवढ्याच वेळात ६००.

दुकानात कायम ५० लक्स ठेवून साडी विकली जाणार नाही. पण समोर कुणी नसताना उजेड ५० लक्सवर आणि माणूस जवळ आल्यावर ५०० वर, हे काम सेन्सर आणि डिमेबल झोत सहज करतात. समजा बारा तासांत दोन तास गिऱ्हाईक समोर असलं, तर एकूण १,५०० लक्स-तास होतात, म्हणजे चौथा हिस्सा. सेन्सर काचेबाहेर, रस्त्यावरच्या वर्दळीकडे पाठ करून लावावा, नाहीतर प्रत्येक जाणाऱ्या मोटरसायकलीला झोत उजळेल. उजेड चढायला दोन-तीन सेकंद आणि उतरायला निदान अर्धा मिनिट ठेवावा. आणि मापन अंदाजानं न करता साडीच्या पृष्ठभागावर लक्स मीटर धरून करावं, कारण झोताचं अंतर निम्मं झालं तर साडीवर पडणारा उजेड जवळपास चौपट होतो.